खाते : शाळेचे, शोधाचे आणि तिजोरीचे

मराठीत ‘खाते’ हा मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. वाण्याच्या वहीत आपल्या नावाचे खाते असते, टपाल कचेरीत बचतीचे खाते असते, आणि सरकारातही महसूल खाते, शिक्षण खाते, पुराणवस्तु खाते अशी खाती असतात. जमाखर्चाच्या पानाला आणि राज्यकारभाराच्या विभागाला आपल्या भाषेने एकच नाव द्यावे, हा निव्वळ योगायोग आहे असे मला वाटत नाही. ज्या कामाच्या नावाने वहीत पान उघडलेले असते, त्या कामासाठी दरसाल काही रक्कम बाजूला काढली जाते, त्यासाठी माणूस नेमला जातो, आणि वर्षअखेर त्याला जाबही विचारला जातो. ज्या कामाच्या नावाने पानच नाही, ते कितीही थोर असले तरी कोणाच्या तरी फुरसतीवर आणि हौसेवर अवलंबून राहते.

शिक्षण, संशोधन आणि देशाचा अर्थव्यवहार यांची पाने एकाच वहीत असावीत की निरनिराळ्या, हा प्रश्न नागरिकशास्त्राच्या पुस्तकात सहसा येत नाही. तथापि तो महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्यास उपयोगी पडतील अशी उदाहरणे आपल्या माळव्यात, धार आणि देवास या दोन जुन्या राजधान्यांत आढळतात. तिकडे वळण्यापूर्वी एका परदेशाची व्यवस्था पाहून घेऊ. म्हणजे आपल्या घरच्या गोष्टी अधिक स्पष्ट दिसतील.

स्वित्झर्लंड हा आल्प्स पर्वताच्या कुशीतला चिमुकला देश. १८४८ सालच्या राज्यघटनेपासून त्या देशाचे मंत्रिमंडळ सात जणांचे आहे, आणि सात जणांकडे मिळून सातच खाती आहेत. आपल्याकडे नवे मंत्री आले की नवी खाती निघतात. तेथे कामे वाढली तरी ती सात घरांतच सामावून घ्यावी लागतात. अशाच एका फेरमांडणीत, १ जानेवारी २०१३ पासून, शिक्षण व संशोधन ही कामे अंतर्गत व्यवहारांच्या खात्याकडून काढून अर्थव्यवहाराच्या खात्याला जोडण्यात आली. व्यवसायशिक्षण त्या खात्याकडे पूर्वीपासूनच होते. तेव्हापासून ते खाते ‘अर्थव्यवहार, शिक्षण व संशोधन’ अशा तिहेरी नावाने ओळखले जाते. येथे एक खुलासा केला पाहिजे. कर आणि अंदाजपत्रक, म्हणजे प्रत्यक्ष तिजोरी, त्या देशात निराळ्या खात्याकडे आहे. या तिहेरी खात्याकडे व्यापार, उद्योग, शेती व कामगार हे विषय आहेत. आणि त्यांच्याच शेजारच्या दालनात झुरिच व लोझान येथील राष्ट्रीय तंत्रविद्यापीठे आहेत. यांपैकी झुरिचच्या विद्यापीठात आइन्स्टाइन शिकला. गावोगावच्या प्राथमिक शाळा मात्र या खात्याच्या ताब्यात नाहीत. त्या देशाचे जे २६ घटक प्रांत आहेत, त्यांच्याकडे त्या सोपविलेल्या आहेत.

ही जोडणी त्यांनी का केली असेल, हे समजणे कठीण नाही. त्या देशात सक्तीचे शिक्षण संपल्यावर दर तीन मुलांपैकी सुमारे दोन मुले एखादा व्यवसाय शिकू लागतात. आठवड्याचे काही दिवस कारखान्यात किंवा पेढीवर, आणि उरलेले शाळेत. तेथे शाळा व कारखाना यांच्यामधला उंबरठा मुळातच बुटका आहे. परंतु कोणाही विचारी माणसाच्या मनात शंका यावी अशीही बाजू या व्यवस्थेला आहे. ज्या शोधाचा बाजारात काही उपयोग नाही, त्याचे अशा घरात काय होत असेल? भिंतीवरचा एखादा जुना लेख वाचून गव्हाचे पीक वाढत नाही. मग त्याच्या वाचनासाठी व्यापाराचे खाते पैसा का देईल?

आता धारकडे येऊ.

धार ही राजा भोजाची नगरी म्हणून आपण ओळखतो. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे राज्य करणाऱ्या या परमार राजाच्या नावावर व्याकरण, अलंकारशास्त्र, वास्तुविद्या, ज्योतिष अशा नाना विषयांवरील ग्रंथ आहेत. पुढे अठराव्या शतकात पेशव्यांच्या सरदारांपैकी पवार घराण्याकडे धार आले. शेवटचा पेशवा दुसरा बाजीराव याचा जन्म १७७५ साली धारच्याच किल्ल्यात झाला. १८५७ च्या उठावात इंग्रजांनी हे संस्थान खालसा केले व १८६० साली ते परत दिले. विसावे शतक उजाडले तेव्हा धार संस्थानचा विस्तार सुमारे १,७७५ चौरस मैल आणि लोकसंख्या १९०१ च्या शिरगणतीप्रमाणे १,४२,११५ होती. आजच्या एखाद्या मध्यम शहरात याहून अधिक माणसे असतात. एवढ्याशा संस्थानाला महसूल, न्याय, पोलीस, शाळा, दवाखाने, सडका या साऱ्यांचा भार वाहावयाचा होता. त्याच्या वहीत संशोधनासाठी मोठे पान असेल अशी अपेक्षा कोणी करणार नाही.

उदाजीराव पवार १८९८ साली गादीवर आले. त्यांच्या कारकीर्दीत संस्थानच्या शिक्षणखात्याचे प्रमुख काशीनाथ कृष्ण लेले हे होते. त्यांचा हुद्दा ‘सुपरिंटेंडेंट ऑफ एज्युकेशन’ असा होता, पुराणवस्तुसंशोधकाचा नव्हे. अशा अधिकाऱ्याचे नित्याचे काम म्हणजे शाळा तपासणे, शिक्षकांच्या नेमणुका पाहणे, हजेरीपट व परीक्षांचे निकाल चाळणे. परंतु लेले यांना संस्कृताचे ज्ञान होते आणि जुन्या दगडांकडे पाहण्याची दृष्टी होती. १९०३ सालच्या नोव्हेंबरात त्यांना धारमधील एका प्राचीन वास्तूत, मेहराबीपाशी भिंतीत बसविलेली काळ्या पाषाणाची एक मोठी शिळा आढळली. ही वास्तू कमाल मौला मशीद व भोजशाळा अशा दोन नावांनी ओळखली जाते. तिच्याविषयीचा वाद न्यायालयापर्यंत गेलेला आहे. तो आपला आजचा विषय नव्हे. आपला विषय ती शिळा आणि तिच्यावरची अक्षरे हा आहे.

शिळेवर ८२ ओळींचा लेख कोरलेला होता. तो वाचू लागल्यावर असे दिसून आले की हे दानपत्र नव्हे, प्रशस्तीही नव्हे. हे तर चक्क एक नाटक आहे! संस्कृत आणि प्राकृत भाषांतील या नाटिकेचे नाव ‘पारिजातमंजरी’ अथवा ‘विजयश्री’. तिचा कर्ता मदन हा परमार राजा अर्जुनवर्मा याचा गुरू होता. अर्जुनवर्म्याची १२११ ते १२१५ या काळातील दानपत्रे उपलब्ध आहेत, त्यामुळे नाटिकेचा काळही ठरतो. कथानक मोठे मनोरम आहे. अर्जुनवर्म्याने गुजरातच्या चालुक्य राजावर विजय मिळविला. त्या वेळी आकाशातून पारिजाताचा एक गुच्छ त्याच्या छातीवर पडला आणि स्पर्श होताच त्याची एक सुंदर कन्या झाली. विजय हीच जणू नायिका होऊन अवतरली. वसंतोत्सवात धारानगरीत, शारदादेवीच्या मंदिरात, या नाटिकेचा पहिला प्रयोग झाल्याचे तिच्या प्रस्तावनेतच सांगितले आहे. त्या नगरीत चौऱ्यांशी चौक होते असाही उल्लेख तेथे येतो. आजच्या धारमध्ये किती चौक आहेत, हे एखाद्या सुटीच्या दिवशी विद्यार्थ्यांनी मोजून पाहण्यास हरकत नाही.

नाटिका चार अंकांची आहे. परंतु या शिळेवर पहिले दोनच अंक आहेत. उरलेले दोन अंक दुसऱ्या शिळेवर कोरलेले असणार हे उघड आहे. ती दुसरी शिळा मिळालेली नाही. राजाचे आणि त्या पारिजातकन्येचे पुढे काय झाले, हे आपण केवळ तर्काने सांगू शकतो.

शिळा सापडणे हा शोधाचा अर्धा भाग झाला. तिचे वाचन विद्वानांकडून तपासले जाऊन छापले गेले, म्हणजे तो पुरा होतो. शिळा काही टपालाने पाठविता येत नाही. म्हणून तिचा ठसा घेतात. ही कृती समजून घेण्याजोगी आहे. प्रथम दगड स्वच्छ धुतात. मग त्यावर भिजविलेला कागद पसरून जाड केसांच्या कुंचल्याने ठोकतात, म्हणजे कागद अक्षरांच्या खाचांत शिरतो. कागद थोडा सुकला की कापडाच्या बोळ्याने त्यावर हलक्या हाताने शाई लावतात. शाई उंच भागाला लागते, खाचांत पोहोचत नाही. त्यामुळे काळ्या भूमीवर अक्षरे पांढरी उमटतात. कागद उलगडून घेतला की आठशे वर्षांपूर्वीचे पान हातात येते, आणि दगडाला ओरखडाही पडत नाही.

धारच्या या शिळेचा लेख ई. हुल्ट्श या जर्मन पंडिताने संपादित केला. हुल्ट्श पूर्वी हिंदुस्थान सरकारच्या सेवेत शिलालेखांचे अधिकारी होते आणि १९०३ पासून जर्मनीतील हाले येथील विद्यापीठात प्राध्यापक झाले होते. त्याच वास्तूत मिळालेली ‘कूर्मशतक’ नावाची दोन प्राकृत काव्ये बर्लिनचे प्राध्यापक पिशेल यांनी संपादिली. पृथ्वीचा भार पाठीवर वाहणाऱ्या कूर्माचे वर्णन करणारी, प्रत्येकी १०९ श्लोकांची ही काव्ये राजा भोजाच्या नावावर आहेत. ही सर्व संपादने ‘एपिग्राफिया इंडिका’ या हिंदुस्थान सरकारच्या नियतकालिकाच्या आठव्या खंडात, १९०५-०६ मध्ये, प्रसिद्ध झाली. आता जमाखर्च मांडून पाहा. शोधणारा अधिकारी धारच्या शिक्षणखात्याचा, छपाई कलकत्त्याच्या सरकारची, आणि वाचन जर्मनीतील विद्यापीठांचे. तीन वह्यांतून मिळून एका दगडाचे वाचन पुरे झाले. यांपैकी पहिली वही नसती तर पुढच्या दोन उघडल्याच नसत्या, हे मात्र ध्यानात ठेवावे.

त्याच वास्तूच्या खांबांवरील आणखी दोन लेख शाळेच्या मुलांनी मुद्दाम पाहावेत असे आहेत. त्यांना ‘सर्पबंध’ म्हणतात. नागाच्या वेटोळ्यांच्या आकृतीत अक्षरे कोरलेली आहेत. एका सर्पबंधात संस्कृत वर्णमाला व नामांचे आणि क्रियापदांचे मुख्य प्रत्यय आहेत. दुसऱ्यात क्रियापदांच्या दहा लकारांचे पुरुषवाचक प्रत्यय आहेत. आपल्या व्याकरणाच्या पुस्तकातील तक्ताच तो. फक्त कागदाऐवजी दगडावर कोरलेला आणि चौकटीऐवजी नागाच्या अंगात गुंफलेला. त्याच्यासोबतच्या श्लोकांत उदयादित्य व नरवर्मा या परमार राजांची नावे येतात आणि ‘वर्ण’ या शब्दावर एक सुंदर श्लेष साधलेला आहे. वर्ण म्हणजे अक्षरे, आणि वर्ण म्हणजे समाजातील लोक. राजाची तलवार दोहोंच्याही रक्षणास सिद्ध आहे, असा त्याचा भाव आहे. याच धाटणीचे सर्पबंध उज्जयिनीच्या महाकाल मंदिरात व निमाडातील ऊन येथेही आहेत. शिक्षणाचा खर्च हा राज्यरक्षणाच्या खर्चापेक्षा निराळा मानू नये, ही कल्पना बाराव्या शतकाच्या आगेमागे माळव्यात होती, एवढे यावरून खात्रीने म्हणता येते.

लेले यांचे काम एका शिळेवर थांबले नाही. १९०८ साली कॅप्टन लुआर्ड यांच्यासह त्यांनी धार व माळव्याच्या परमारांवर इंग्रजीत एक पुस्तक प्रसिद्ध केले. लुआर्ड हे मध्य हिंदुस्थानातील संस्थानांची गॅझेटिअरे तयार करणारे अधिकारी. कोणत्या परगण्यात काय पिकते, सारा किती येतो, शाळा किती, बाजार कोणत्या वारी भरतो, हे ज्या हाताने नोंदविले त्याच हाताने परमारांची वंशावळही लिहिली. स्वित्झर्लंडने २०१३ साली जे तिहेरी खाते केले, त्याचे एक लहानसे, कोणी मुद्दाम न घडविलेले रूप येथे दिसते. अर्थव्यवहाराची माहिती, शिक्षण आणि संशोधन ही तिन्ही कामे थोडक्या माणसांनी एकमेकांच्या टेबलाशी बसून केली.

या व्यवस्थेचे मोल मोठे होते, पण ती तकलादूही होती. शाळातपासनीस गावोगाव हिंडतो, शिक्षकांना ओळखतो, कोणत्या देवळाच्या पायरीला अक्षरांचा दगड बसविला आहे हे त्याच्या कानावर येते; दूरच्या राजधानीतील विद्वानाला ही सोय नाही. परंतु हा सारा डोलारा त्या एका माणसाच्या आवडीवर उभा असतो. त्याच्या जागी केवळ हजेरीपट पाहणारा गृहस्थ आला असता तरी शिक्षणखाते सुरळीत चालले असते. कोणीही तक्रार केली नसती. शिळा भिंतीतच राहिली असती.

शिवाय शोध एकदा लागला म्हणजे संपत नाही. धारमध्ये मिळालेली व लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये १९०९ पासून असलेली एक देखणी मूर्ती भोजाची वाग्देवी म्हणून दीर्घकाळ प्रसिद्ध होती. तिच्या पायथ्याशी इ. स. १०३४ च्या सुमाराचा लेख आहे. पुढे तो लेख पुन्हा काळजीपूर्वक वाचला गेला. त्यात वाग्देवीचा उल्लेख आहेच. परंतु ही प्रत्यक्ष मूर्ती अंबिकेची असल्याचे तो सांगतो, असे मत हरिवल्लभ भायाणी व त्यांच्यानंतर मायकेल विलिस यांनी मांडले. हे मत सर्वांनीच मान्य केले आहे असे नाही. पण वाद करावयाचा तर तो अक्षरे वाचूनच करावा लागेल. आणि अक्षरे वाचणारी माणसे पिढ्यान् पिढ्या तयार होत राहिली पाहिजेत. हौशी माणूस एकदाच जन्मतो. खात्याचे पान दरसाल नवे उघडते.

धारहून निघून इंदूर ओलांडले की पुढे देवास लागते. चामुंडेच्या टेकडीच्या पायथ्याचे हे गाव जमाखर्चाच्या दृष्टीने हिंदुस्थानातील एक नवलच म्हटले पाहिजे. १७२८ च्या सुमारास बाजीराव पेशव्यांबरोबर माळव्यात आलेले तुकोजीराव व जिवाजीराव हे दोघे पवार बंधू. त्यांच्या वंशजांच्या दोन गाद्या झाल्या. एक थोरली पाती, दुसरी धाकटी पाती. दोन्ही संस्थानांची राजधानी मात्र एकच, देवास. गावातील मुख्य रस्ता हीच सरहद्द. रस्त्याच्या एका बाजूस एक राज्य, दुसऱ्या बाजूस दुसरे. पाण्याची व्यवस्था दोन प्रकारची, दिव्यांची व्यवस्था दोन प्रकारची. १९०१ साली थोरल्या पातीची लोकसंख्या ६२,३१२ व धाकटीची ५४,९०४ होती. म्हणजे दोन्ही मिळून १,१७,२१६ माणसे, एकट्या धारहूनही कमी. आणि त्यांच्यासाठी दोन दरबार, दोन तिजोऱ्या, दोन कारभारी. धारमध्ये एका माणसाकडे दोन कामे होती. देवासात एकेका कामाला दोन माणसे होती. अशा ठिकाणी शोधासाठी काय उरणार?

थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव हे सुविद्य, रसिक आणि भाविक राजे होते. त्यांचे शिक्षक माल्कम डार्लिंग पुढे पंजाबातील शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणावरील ग्रंथामुळे प्रसिद्धीस आले. विद्यार्थ्याच्या राज्यालाही तोच रोग जडावा, हा दैवाचा विचित्र खेळ. १९२१ साली प्रसिद्ध इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर काही महिने या दरबारात खाजगी चिटणीस होते. त्यांच्याकडे बागा, मोटारी, अतिथीगृह, वीजघर यांची देखरेख होती. नवा राजवाडा बांधला जात होता आणि पुरा होत नव्हता. या दिवसांची हकीकत त्यांनी १९५३ साली ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात दिली. महाराजांविषयी अपार प्रेम असूनही दरबारातील उधळपट्टी व गोंधळ त्यांनी झाकून ठेवलेला नाही. कर्ज वाढत गेले, इंग्रज सरकारने हिशेब मागितले, आणि अखेर महाराज राज्य सोडून फ्रेंचांच्या पाँडिचेरीस गेले. तेथेच १९३७ साली त्यांचा अंत झाला.

तुकोजीरावांना विद्येची आवड नव्हती असे कोणीही म्हणणार नाही. धारच्या दरबारापेक्षा त्यांच्या दरबारात विद्वत्तेची चर्चा कदाचित अधिकच झाली असेल. परंतु आवड आणि तरतूद या दोन भिन्न गोष्टी आहेत. देवासात आवड राजाजवळ होती, आणि वीजघर व राजवाडा यांची पाने भरल्यावर वहीत कोरी जागा उरली नव्हती.

२८ मे १९४८ रोजी मध्यभारत संघ अस्तित्वात आला व धार आणि देवासच्या दोन्ही पाती त्यात विलीन झाल्या. १ नोव्हेंबर १९५६ पासून हा प्रदेश मध्य प्रदेशात आहे. देवासच्या मुख्य रस्त्यावरील सरहद्द पुसली गेली हे उत्तमच झाले. पण त्याबरोबर दोन्ही गावांची स्वतःची खातीही गेली. शिक्षणखाते भोपाळास आणि पुराणवस्तूंचे केंद्रीय खाते दिल्लीस गेले. धारच्या शिक्षणाधिकाऱ्याने शिळा वाचावी असे आता कोणाच्या कामाच्या यादीत नाही. वाचलीच तर कोणी अडविणार नाही, इतकेच.

त्याच्या बदल्यात म्हणावे तर, दिल्लीच्या अर्थखात्याचे एक मोठे काम १९७४ साली देवासास आले. ते म्हणजे नोटा छापण्याचा कारखाना, बँक नोट प्रेस. त्यापूर्वी नोटा फक्त नाशिकरोडला छापल्या जात. तेथे १९२८ पासून हे काम चालू आहे. पुढे म्हैसूर व बंगालमधील सालबोनी येथे रिझर्व्ह बँकेच्या मालकीचे आणखी दोन छापखाने निघाले. देवासचा कारखाना आरंभी केंद्रीय अर्थमंत्रालयाच्या आर्थिक कार्य विभागाच्या थेट ताब्यात होता. २००६ सालापासून तो व नाशिकचे छापखाने सरकारी मालकीच्या एका महामंडळाकडे सोपविण्यात आले. नोटांच्या कागदाचा एक कारखाना नर्मदाकाठी होशंगाबादेस, म्हणजे आताच्या नर्मदापुरम येथे आहे. हा कागद लाकडाच्या लगद्याचा नसून कापसाचा असतो, म्हणूनच नोट घामाने भिजली तरी लगेच विरत नाही. छपाईची विशिष्ट शाई देवासच्या कारखान्यातच तयार होते.

या छपाईची रीत आणि शिलालेखाच्या ठशाची रीत शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. नोटेवरील काही भागासाठी धातूच्या पत्र्यावर आकृती खोल कोरलेली असते. शाई त्या खाचांत भरतात, वरचा भाग पुसून घेतात, आणि कागद प्रचंड दाबाने पत्र्यावर दाबतात. कागद खाचांत शिरून शाई उचलून घेतो. त्यामुळे ती आकृती बोटाला किंचित उंच लागते. शिळेच्या ठशात खाच पांढरी राहते व उंचवटा काळा होतो; नोटेत नेमके उलटे. कागद मात्र दोन्हीकडे खाचेत शिरतो. लेले यांच्या गावापासून काही कोसांवर हीच विद्या कोट्यवधी रुपयांच्या कामी येत आहे. शाई, कागद, धातू आणि बनावट ओळखण्याच्या युक्त्या या सर्वांना सतत शोधाची जोड लागते. कारण नोट छापणाऱ्याच्या मागे नकली नोट छापणारा नेहमी एका पावलावर असतो. अर्थखात्यालाही संशोधन लागते ते असे.

आपल्या केंद्र सरकारने स्वित्झर्लंडसारखी जोडणी केलेली नाही. अर्थमंत्रालय निराळे आहे. शिक्षणमंत्रालयाचे नाव १९८५ साली बदलून मनुष्यबळ विकास असे झाले होते, ते २०२० साली पुन्हा शिक्षण असे झाले. विज्ञान व तंत्रज्ञानाचा विभाग १९७१ पासून स्वतंत्र आहे, आणि १८६१ साली सुरू झालेले पुरातत्त्व सर्वेक्षण संस्कृती मंत्रालयाकडे आहे. २०२३ च्या कायद्याने संशोधनाला द्रव्यसाह्य करणारे एक राष्ट्रीय प्रतिष्ठानही स्थापन झाले. शिक्षण हा विषय १९७६ पासून केंद्र व राज्ये या दोहोंच्या अखत्यारीत आहे. एवढ्या अवाढव्य देशात सारे एका घरात कोंबणे शक्य नाही, आणि माझ्या मते इष्टही नाही. शिलालेख आणि निर्यात व्यापार यांचा निवाडा एकाच माणसाने करू नये. उणीव आहे ती खालच्या टोकाला. जिल्ह्याच्या ठिकाणी, जेथे शाळा, बाजार व जुने दगड एकाच रस्त्यावर असतात, तेथे ही तिन्ही कामे एकत्र पाहणारा कोणी नाही. घराघरांतील मोडी कागदांचे रुमाल आजही माळ्यावर पडून आहेत. ते कोणाच्या वहीत आहेत? शाळेच्या नाहीत, कलेक्टर कचेरीच्या नाहीत, आणि पुरातत्त्वाच्याही नाहीत. वाळवीच्या मात्र आहेत. मोडी वाचावयास शिकण्यास फार काळ लागत नाही. आठवी-नववीतील मुलामुलींना मे महिन्याच्या सुटीत ती लिपी वाचण्यापुरती सहज येऊ शकते.

जाता जाता, घरात असेल ती नोट हातात घेऊन तिच्या मागील बाजू पाहावी. तेथे पंधरा भाषांत किंमत लिहिलेली असते. त्यांत मराठी आहे. एक रुपयाच्या नोटेवर अर्थसचिवाची सही असते, इतर नोटांवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची. एक रुपया सरकार स्वतः काढते, बाकीच्या नोटा बँक काढते, म्हणून हा भेद. अलीकडील नोटांवरची चित्रे तर पुरातत्त्वाची प्रदर्शिनीच होय. वीस रुपयांवर वेरूळची लेणी, दोनशेवर आपल्या मध्य प्रदेशातील सांचीचा स्तूप, आणि २०१८ साली निघालेल्या शंभराच्या जांभळट नोटेवर गुजरातेतील पाटणची ‘राणी की वाव’. शेकडो वर्षे गाळाने बुजलेली ही विहीर पुरातत्त्व खात्याने उकरून मोकळी केली. ती बांधविणारी राणी उदयमती ही चालुक्य राजा पहिला भीम याची पत्नी. हा भीम म्हणजे धारच्या भोजाचा समकालीन प्रतिस्पर्धी. आणि पारिजातमंजरीत ज्याच्या पराभवातून नायिका जन्मली, तो गुजरातचा राजाही चालुक्यच.